गाडी ‘मिसिंग’ मारतेय, बॉस!

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन. आमच्याकडे आईचा फोन रविवारी येतो, शुक्रवारी नाही. त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा.

‘‘काही नाही गं,’’ आई म्हणाली. (म्हणजे नक्की काहीतरी!) ‘‘बाबांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, विकून टाका आता.’’

ही गाडी कोण, ते आधी सांगायला हवं. मारुती ८००. पांढरी. १९९६ ची, कार्ब्युरेटरवाली. ज्यांनी कार्ब्युरेटर हा शब्द फक्त काका-मामांच्या तोंडून ऐकलाय त्यांच्यासाठी : पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारं हे एक यंत्र. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर, ना डॅशबोर्डवर पिवळा दिवा. काही बिघडलं तर गाडी तुम्हाला मेसेज पाठवत नाही, नुसती थरथरते. मी ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर दहावीचा इतिहास पाठ केलाय, आणि ह्याच गाडीतून इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलला गादी नेलीय. गादी टपावर, बाबांचा एक हात खिडकीतून बाहेर, गादी धरायला!

तर झालं असं. जुलै २०२५ मध्ये आई-बाबा माझ्याकडे पुण्याला आले होते. परत साताऱ्याला जाताना धो धो पाऊस. खंबाटकी घाट चढायला लागल्यावर गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. तिसऱ्याचा दुसरा गिअर, दुसऱ्याचा पहिला. मागे ट्रक, त्यांचे हॉर्न, शेजारी आई रामरक्षा म्हणतेय. गाडी बंद पडली नाही, पण वर पोचेपर्यंत बाबांचा शर्ट भिजला होता. आणि तो पावसाने नाही.

मग ऑगस्टमध्ये एका मोठ्या, चकाचक गॅरेजमध्ये गाडी गेली. काचेच्या केबिनमध्ये एसी, कॉफीचं मशीन वगैरे. तिथे तिन्ही प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, बिल हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी थरथर जशीच्या तशी. परत नेली तर निकाल आला, ‘‘सर, इंजिन खोलावं लागेल. अडतीस हजार धरून चला.’’

अडतीस हजार! एवढ्यात तसलीच दुसरी गाडी आली असती. त्यात नोव्हेंबर २०२६ ला रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ती फी त्याच ऑगस्टमध्ये पाचाची दहा हजार झालेली. वर फिटनेसची तपासणी वेगळीच. एक्सेल शीट उघडा आणि बघा, उत्तर ‘विका’ असंच येतं. मीसुद्धा फोनवर तेच म्हणाले. ‘‘बरं झालं ना आई, कटकट गेली.’’

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘गाडी गेली तर जाऊ दे गं. पण ते कालपासून टीव्हीसमोरच बसलेत.’’

बाबांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसलाय. तेव्हा स्कूटर गेली. मग रात्रीचं ड्रायव्हिंग गेलं, ते त्यांनी स्वतःच सोडलं. उरली होती ती दिवसाची गाडी. मंडई, बँक आणि दर मंगळवारी आईची फिजिओथेरपी. ह्यातलं काहीही रिक्षाने होतं, मान्य. पण मंगळवारी आईला घेऊन जाणारा माणूस आणि मंगळवारी रिक्षात बसणारा माणूस, ह्यांत फरक असतो की नाही?

शनिवारी सकाळी सातच्या एसटीने मी साताऱ्याला निघाले. पिशवीत मल्टिमीटर, टॉर्च, एक फीलर गेज आणि ओव्हरकॉन्फिडन्स.

-----

आमच्या ऑफिसात कुणी ‘अ‍ॅप क्रॅश होतंय’ म्हणत आलं की आम्ही आधी कोडला हात लावत नाही. आधी विचारतो, कधी होतंय? लॉगिन करताना की पेमेंट करताना? सगळ्यांचं की एकाचंच? रोज की महिनाअखेरीला? निम्मा बग ह्या प्रश्नांतच सापडतो. मग मला वाटलं, त्या चकाचक गॅरेजमध्ये बाबांना कुणी ‘कधी?’ विचारलं असेल का?

‘‘नाही विचारलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हणाले, गाडी सोडून जा, संध्याकाळी फोन करतो.’’

आणि मग त्यांनी ग्लोव्ह बॉक्समधून डायरी काढली.

मंडळी, ही डायरी म्हणजे आमच्या घरातला चेष्टेचा विषय. पेट्रोल किती, किलोमीटर किती, हवा कधी भरली, सगळं निळ्या शाईत. १९९६ पासूनच्या डायऱ्या माळ्यावर आहेत! मी आयुष्यात पहिल्यांदा ती नीट वाचली. जून ते ऑगस्टच्या नोंदी अशा होत्या : ‘सकाळी सिग्नलला थरथर, वेग घेतल्यावर ठीक.’ ‘कोरडा दिवस, यवतेश्वर चढ, काही त्रास नाही. खाली येऊन थांबलो की थरथर.’ ‘पाऊस. चढावर झटके.’ ‘पाऊस थांबून दोन तास. चढ ठीक.’

वाचता वाचता मी उठून बसले. ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत!

इथे जरा थांबून इंजिनाच्या आत डोकावू. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. गाडी उभी असताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना, ते मिनिटाला साधारण नऊशे फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. हिशोब करा : सेकंदाला बावीस-तेवीस छोटे स्फोट. लेझीमच्या पथकासारखं असतं ते. सगळे एका लयीत असले की कान देऊन ऐकावं लागत नाही. एकजण चुकला की लगेच कळतं. चार सिलिंडरच्या गाडीत एक गेला तर पाव ताकद जाते, आमच्या तिघांतला एक गेला तर सरळ एक तृतीयांश! म्हणून ८०० ‘मिसिंग’ मारायला लागली की आरसा, स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळे एकदम नाचतात.

आता ‘कधी?’ हा प्रश्न इतका कामाचा का, ते बघा.

गाडी उभी असताना थरथरते आणि वेग घेतल्यावर शहाणी होते, तेव्हा पहिला संशय हवेवर घ्यायचा. उभ्या गाडीत कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन अगदी थोडी हवा घेत असतं आणि ती जोरात ओढत असतं. अशा वेळी एखाद्या रबरी पाइपला चीर असेल तर तिथून आत शिरणारी फुकटची हवा एकूण हवेच्या मानाने खूप असते. मिश्रण पातळ होतं, नीट पेटत नाही. वेग घेतल्यावर झडप उघडते, इंजिन भरपूर हवा घेतं आणि त्या पूर्ण ताटात ती चिमूटभर हवा कुठे जाते कळतही नाही.

चढावर, लोडवर गाडी झटके देते तेव्हा मात्र संशय करंटवर. कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि दाबाखालच्या वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. इग्निशन कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. एवढा करंट म्हणजे वर्गातला वांड मुलगा. त्याला प्लगच्या फटीतून जाणं जड गेलं की तो दुसरी सोपी वाट शोधतो. वायरच्या चिरेतून, टोपीच्या भेगेतून, ओलाव्यावरून, कुठूनही इंजिनच्या धातूत पळून जातो. प्लगला ठिणगीच पडत नाही.

म्हणजे बाबांची डायरी सरळ सरळ सांगत होती : उभ्या गाडीची थरथर हा हवेचा आजार, आणि पावसात चढावरचे झटके हा करंटचा. दोन पेशंट, एका खाटेवर! गॅरेजने दोघांना मिळून एकच औषध दिलं.

-----

‘‘चला मग, गाडी बाहेर काढा,’’ मी म्हटलं.

बाहेर, हं! हे गमतीने सांगत नाहीये. तुमच्यापैकी बरेचजण सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगवाले. बंद जागेत इंजिन चालू ठेवून त्याच्याशी खेळत बसू नका. मिसिंग मारणाऱ्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणूस मारतो. मोकळ्या जागेत या, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. ओढणी, टाय, ऑफिसचं आयडी कार्ड गळ्यातून काढा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो स्वतःच्या मर्जीने अचानक सुरू होतो.

आणि पेसमेकरवाल्या माणसाने चालू इंजिनच्या इग्निशनजवळ वाकायचं नाही. डॉक्टरांनी हे बाबांना स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाने तीस वर्षं स्वतःचे प्लग स्वतः साफ केले, तो काचेच्या केबिनमध्ये जाऊन का बसला ते. मी अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, बॉनेटपासून चांगली लांब. बाबा बसले. आईने चहा आणला. डॉक्टर खुर्चीत, कंपाउंडर बॉनेटखाली!

पहिली परीक्षा सगळ्यांत जुनी. एकेक प्लगची वायर काढून बघायची. इंजिन बंद करून एक वायर काढायची, तिला एक जुना प्लग लावायचा आणि त्या प्लगचा धातू इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून ठेवायचा, म्हणजे करंटला जायला वाट राहते. मग स्टार्ट. सिलिंडर कामाचा असेल तर त्याची वायर काढल्यावर गाडी आणखी थरथरते. काही फरकच पडला नाही तर समजायचं, तो आधीच झोपलेला होता. (चालू इंजिनवर हाताने वायर ओढू नका. झटका असा बसतो की हात दचकून थेट पट्ट्यात जातो.)

पहिली वायर काढली, गाडी लंगडली. दुसरी, तेवढीच लंगडली. तिसरी, तेवढीच.

‘‘तिघंही जागे आहेत,’’ खुर्चीतून निदान आलं.

मग कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन गेज आणला. तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर काढून ठेवायची, गेज प्लगच्या भोकात बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. आकडा किती येतो ह्याहून तिन्ही आकडे एकमेकांजवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा बघायचं. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. आमचे तिन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे निघाले. ऑइलची बाटली उघडावीच लागली नाही.

अडतीस हजारांचा प्रश्न इथे संपला. घड्याळात बघितलं, चाळीस मिनिटं झाली होती. गॅरेजने हा गेज लावला नव्हता का? बिलात तरी त्याचा उल्लेख नाही.

प्लग हातात होतेच. प्लगचं टोक म्हणजे सिलिंडरची जीभ, बघून प्रकृती कळते. फिकट तपकिरी असेल तर झकास. काजळीसारखं कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा करंट कमी. काळं आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, खिसा सांभाळा. पांढरट म्हणजे हवा जास्त. आमचे तिन्ही पांढरट! शिवाय फीलर गेज घातला तर दोन प्लगची फट पाऊण मिलिमीटर, बरोबर हवी तेवढी, आणि एकाची जवळजवळ एक. खोक्यातून काढला, बसवला, मोजलाच नाही. फट मोठी म्हणजे ठिणगीला व्होल्टेज जास्त, म्हणजे करंट पळून जायचा मोह जास्त. नवीन प्लगने आजार वाढवला होता, थोडासाच, पण वाढवला. बाहेरचा पाय हलकेच ठोकून फट सारखी केली.

आता हवा. इंजिन चालू करून कान दिला. स्टेथोस्कोप नव्हता, म्हणून बागेच्या नळीचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरभोवती फिरवत. लोक चोळीतून चिठ्ठी काढावी तसं इंजिनमधून गुपित काढतात म्हणे, मला तर नुसता घों घों ऐकू येत होता. पाचेक मिनिटांनी, कार्ब्युरेटरच्या मागच्या बाजूला, सापासारखा फुत्कार. बारीक. एका रबरी पाइपचं टोक जिथे नळीवर बसतं, तिथे रबर उन्हातल्या चामड्यासारखं कडक होऊन फाटलेलं. वरून दिसतच नव्हतं. तो पाइप पकडीने चिमटीत दाबला आणि...

इंजिन एकदम शांत. डॅशबोर्डवरचा गणपती थांबला!

बाबा खुर्चीतून उठलेच. ‘‘बसा, बसा,’’ आई ओरडली.

इंटरनेटवर ह्यासाठी एक युक्ती दिसेल, संशयित जागी कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारा आणि इंजिनचा आवाज बदलतो का बघा. युक्ती खरी आहे. पण तो स्प्रे भडकन पेटतो, खाली तापलेला सायलेन्सर असतो आणि तुमच्या वायरी आधीच ठिणग्या सांडत असू शकतात. पकड आणि कान पुरतात.

पाइप साताऱ्यातच मिळाला, मीटरवर विकतात, किंमत सांगण्यासारखीही नाही. तेव्हाच पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून टाकले. कारण आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि १९९६ च्या रबराला ते मानवत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण मुळातच किंचित पातळ होतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो. आमचा कार्ब्युरेटर बिचारा १९९६ मध्येच बसलाय. त्याचा मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा सोडल्यावर आवाज आणखी गोल झाला.

-----

आता दुसरा पेशंट. आणि इथे मी सॉलिड तोंडावर पडले.

करंटची गळती उजेडात दिसत नाही. म्हणून रात्री आठला अंगणातला दिवा घालवला, इंजिन चालू केलं आणि इस्त्रीच्या स्प्रे बाटलीने वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. फवारा, हं, पाणी ओतायचं नाही. आणि हात लांब. दोन सेकंद काही नाही. मग दुसऱ्या सिलिंडरच्या वायरच्या बुडाशी, जिथे ती डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत घुसते, तिथे निळी ठिणगी. टिक. टिक टिक. आणि गाडी खोकायला लागली, हुबेहूब खंबाटकी!

‘‘वायर!’’ मी ओरडले. ‘‘वायर गेलीय बाबा!’’

‘‘असेल,’’ बाबा म्हणाले. हा ‘असेल’ मी लहानपणापासून ओळखते. तरीही.

रविवारी सकाळी शहरात जाऊन नवीन वायरींचा सेट आणला. सहाशे रुपये. जुन्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढला (हे करा, कारण कोणती वायर कुठे हे विसरलात तर ८०० चा क्रम एक-तीन-दोन आहे, एक-दोन-तीन नाही), नव्या लावल्या, फवारा मारला. टिक. टिक टिक. तिथेच!

मग मला आठवलं, की मल्टिमीटर पिशवीतच आहे. जुनी वायर मोजली, चांगली होती. तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स लांबीच्या हिशोबाने जवळपास, एकही तुटलेली नाही. शनिवारी रात्रीच एक आणि दोन नंबरच्या वायरी आपापसात बदलून, म्हणजे टोपीला जिथल्या तिथे पण लांबी पुरते तशा, बघितल्या असत्या तर कळलं असतं की ठिणगी वायरबरोबर हलत नाही, जागेलाच चिकटून राहते. फुकटात. ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना रोज सांगते : एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि विकत घेण्याआधी अदलाबदल करून बघा. स्वतःच्या अंगणात मी त्या गॅरेजसारखीच वागले. संशय आला, पार्ट घेतला.

‘‘टोपी काढून आतून बघ,’’ खुर्ची म्हणाली.

डिस्ट्रिब्युटरची टोपी म्हणजे काळ्या कडक प्लॅस्टिकची वाटी. कॉइलचा करंट मधोमध येतो, आतला फिरता रोटर तो एकेका वायरला वाढत जातो. पंगतीत वाढपी वाढतो तसा. टोपी उतरवली, कोरडी पुसली, टॉर्च मारला. आतल्या भिंतीवर दुसऱ्या खुंटीपासून खालच्या कडेपर्यंत एक काळी रेघ. पेन्सिलने ओढावी तशी बारीक, थोडी वेडीवाकडी. मी बोटाने पुसायला गेले. जाईना.

‘‘करंटने स्वतःची पायवाट पाडलीय,’’ बाबा म्हणाले. ‘‘एकदा पडली की तीच वाट. पावसाळ्यात ओल धरली की बघायलाच नको.’’

ही रेघ म्हणजे जळालेल्या प्लॅस्टिकचा कोळसा, आणि कोळशातून करंट मजेत वाहतो. साफ करून भागत नाही, टोपीच बदलावी लागते. तिच्याबरोबर रोटरही, कारण त्याचंही टोक झिजलेलं असतं. साताऱ्यात दोन दुकानांनी ‘आता कोण ठेवतं?’ म्हणून हात वर केले. मग पुण्यात, नाना पेठेत. तिथल्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत अजूनही काउंटरवर ‘आठशे, कार्ब्युरेटर’ म्हटलं की माणूस न बघता मागच्या फळीवर हात घालतो. टोपी आणि रोटर मिळून साडेपाचशे. पुढच्या शनिवारी मी ते घेऊन पुन्हा एसटीत.

-----

तुमच्याकडे एवढी जुनी गाडी नसेल, हे मला ठाऊक आहे. २००० च्या आसपास आपल्याकडे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पुढे बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटरही गेला, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली. तुमची गाडी अशी असेल तर कॉइल किंवा वायरी उपसायच्या भानगडीत चालू इंजिनवर अजिबात पडू नका. कॉइल जळू शकते, आणि न पेटलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं तर बिल बघून तुम्ही मिसिंग माराल. बीएस-४ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. तिथे ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पी ०३०० म्हणजे कधी हा, कधी तो. पण कोड फक्त पत्ता सांगतो, गुन्हेगाराचं नाव नाही! इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा. कोडही शेजारी सरकला तर कॉइल दोषी. नाही सरकला तर प्लग, मग पुढचं. आणि इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागण्याऐवजी मिचकायला लागला तर हळूहळू बाजूला घ्या आणि थांबा, मीटिंग राहू दे.

हे काही न करता नुसतं गॅरेजलाच जायचं असेल तरी जा. पण जाताना एका कागदावर लिहून न्या : थंड असताना की गरम? उभी असताना की चढावर? एसी लावल्यावर? पावसात? पेट्रोल भरल्यावर? आणि तो कागद रिसेप्शनवरच्या मुलीला नाही, प्रत्यक्ष पाना हातात धरणाऱ्या माणसाला द्या. आपण ‘जरा बघा हो, काहीतरी होतंय’ म्हणतो, आणि मग ते सगळंच बदलतात. त्यात सगळी चूक त्यांची, असं मला आता म्हणवत नाही. सहाशेच्या वायरी अजून माझ्या पिशवीत आहेत.

-----

टोपी बसवली. रात्री फवारा मारला. अंधार. एकही ठिणगी नाही. पूर्ण बाटली संपवली, आई म्हणाली उद्याच्या इस्त्रीला काय करू.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. बाबांनी आईकडे हात पुढे केला, काही न बोलता. आईने पदराच्या गाठीतून नाही, फ्रिजवरच्या डब्यातून किल्ली काढून दिली. ‘‘मी नाही येणार,’’ ती म्हणाली. ‘‘माझी रामरक्षा झालीय म्हणून.’’

मी शेजारी बसले. बोगद्यातून पलीकडे उतरलो, खंडाळ्यापाशी वळलो, आणि घाटाच्या पायथ्याशी पाऊस आलाच. वायपरचा कर्र कर्र आवाज, पुढे उसाचा ट्रेलर नाही ते नशीब, मागे एक ट्रक. तिसरा गिअर. पहिल्या मोठ्या वळणावर दुसरा. मी डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बघत होते. बाबा रस्त्याकडे. दोघंही बोललो नाही. ट्रकने एकदा हॉर्न दिला, बाबांनी शांतपणे डावीकडे घेऊन त्याला जाऊ दिलं. आणि आमची गाडी तशीच वर चढत राहिली. पहिला गिअर लागला नाही.

वर एका टपरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. दोन चहा सांगितले. इंजिन बंद केलं नाही, चालूच ठेवलं, दार उघडं टाकून. मग ग्लोव्ह बॉक्समधून डायरी काढून लिहिलं : ‘खंबाटकी. पाऊस. दुसरा गिअर. ठीक.’

‘‘ऐक,’’ म्हणाले. ‘‘अजून थोडी थरथर आहे.’’

मला काही ऐकू येत नव्हतं. ‘‘टॅपेट असतील,’’ ते म्हणाले. ‘‘दिवाळीत येशील ना, तेव्हा बघू.’’